आधी बांगड्या काढा

काचेच्या ग्लासातून सर पाण्याचा घोटसुद्धा घेत नसत. कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये चहा काचेच्या ग्लासात आला, की ते तो दुसऱ्याच्या पुढे सरकवायचे आणि रिकामा झाला की परत मागून घ्यायचे. मग उजव्या मुठीत धरून खिडकीच्या उजेडात गोल फिरवायचे, एक डोळा बारीक करून काठ पाहायचे आणि खाली ठेवून म्हणायचे, "हा या आठवड्यात जाईल." आणि तो जायचा! गरम चहा ओतला की तडकन आडवा चिरायचा. कॅन्टीनवाला हात जोडायचा. "सायेब, तुमची नजर लागते माह्या ग्लासाले. तुम्ही पाहूच नका ना बाप्पा!" आम्ही सगळे हसायचो. सर हसायचे नाहीत. "नजर नाही, ओरखडा," एवढंच म्हणायचे.

मी त्यांच्या हाताखाली पीएच.डी.ला होते. आज कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. कधीकधी माझं मलाही वाटत नाही. काटोलकडच्या गावातून नागपूरला येऊन एम.एस्सी. झालेली मुलगी, आणि तिला फिजिक्सच्या या सरांच्या लॅबमध्ये, पोरं भुताटकीची खोली म्हणायची तिथे जागा मिळाली, म्हणून माझ्या वडिलांनी गावात पेढे वाटले होते. वडिलांना एवढंच कळलं होतं, की पोरगी काचेवर काहीतरी करते आणि नावापुढे डॉक्टर लागणार आहे. मलाही तेच हवं होतं. उगाच मोठेपणा कशाला सांगू, मला ते अक्षर नावापुढे हवं होतं.

सरांचा विषय काचेच्या कातडीचा. ते कातडीच म्हणायचे. काच आतून कधी दुबळी नसते, ती तुटते ती वरून. वर एक ओरखडा पडला, डोळ्याला न दिसणारा का असेना, की सगळा ताण त्याच्या टोकाशी जाऊन बसतो आणि चीर तिथून धावत सुटते. काच कापणारा माणूस हिरकणीने नुसती रेघ ओढतो आणि टिचकी मारतो, तो काही ताकद लावत नाही. हे सर वर्गात सांगायचे तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आमच्या घरचा कंदील यायचा. आई त्याची काच चुलीतल्या राखेने खसाखसा घासायची, काच कशी लख्ख दिसायची, आणि महिन्याभरात तडकायची. आई दुकानदाराला शिव्या द्यायची. सरांना मी हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा माझ्याकडे नीट वळून बघत म्हणाले, "तुमच्या आईने राखेने कातडी सोलली तिची. या उद्यापासून."

तो काळ चांगला होता, नाही म्हणणार नाही. बर्नरवर जाड काचकांडी मधोमध तापवायची, लाल होऊन वाकायला लागली की ज्योतीतून बाहेर काढून दोन्ही टोकांनी सर्रकन ओढायची. मधे बारीक, लांब, लखलखीत कांडी तयार होते. तिला कोणी हात लावायचा नाही, फुंकर घालायची नाही, कापड तर अजिबात नाही. धरायचं ते फक्त जाड टोकांना. अशी कांडी सरांनी पहिल्या दिवशी चिमटीत धरून माझ्या हातांत दिली आणि म्हणाले, "वाकवा." मी भीत भीत वाकवली. ती वाकत गेली, धनुष्यासारखी वाकली, आणि तुटली नाही. मग सरांनी दुसऱ्या एका कांडीने तिला मधोमध हळूच स्पर्श केला. नुसता स्पर्श! कट्कन दोन तुकडे. त्या दिवशी मला वाटलं, आपण जन्मभर हेच करावं.

लोक त्यांना विक्षिप्त म्हणायचे, आणि ते होतेच. लॅबच्या दाराशी एक बिस्किटाचा डबा ठेवलेला असायचा. आत येणाऱ्याने घड्याळ, किल्ल्या, पेन, जे काय असेल ते त्यात टाकायचं आणि मग पाऊल आत टाकायचं. प्राचार्यांनासुद्धा त्यांनी एकदा दारात उभं करून चष्मा काढायला लावला होता, आणि मग प्राचार्यांना काही दिसलंच नाही. उन्हाळ्यात धूळ उडते म्हणून पंखा बंद. मे महिन्यातलं नागपूर आणि पंखा बंद! आम्ही घामाने निथळत असायचो, आणि सर शर्टाच्या वरच्या बटणापर्यंत बंद. परीक्षेच्या दिवसांत पोरं कपाळावर टिळा लावून आली, की त्यांची अशी हजेरी घ्यायचे की बस. "शनीला तेल वाहून आलास का? शनी म्हणजे वायूचा गोळा आहे, तेल त्याच्यापर्यंत पोचत नाही." सगळा वर्ग हसायचा. आईसोबत राहायचे, लग्न केलं नव्हतं. उजव्या मधल्या बोटात सोन्याचं एक साधं वळं होतं. ते डब्यात टाकत नसत. ते टाका, असं त्यांना कोण म्हणणार?

आणि मग माझं लग्न झालं.

सासर प्रताप नगरात. हे खापरखेड्याला वीज केंद्रात नोकरीला, तिकडेच कॉलनीत खोली, शनिवारी रात्री घरी यायचे आणि सोमवारी पहाटे जायचे. सासूबाई उमरेडकडच्या, स्वभावाने वाईट नव्हत्या, पण सवाष्णीचे हात भुंडे राहिलेले त्यांना खपत नसत. आमच्याकडे बांगडी फुटली म्हणतसुद्धा नाहीत, वाढली म्हणतात. मग काढून ठेवणं तर सोडूनच द्या. कासारीण घरी आली की त्या स्वतः शेजारी बसून माझा हात पिळवटून घट्ट मापाचा हिरवा चुडा भरायला लावायच्या, म्हणजे सहज निघायला नको. "शिक वं तू, माही ना नाही. डाक्टर हो. पण हात भरलेले पाहिजेत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

लग्नानंतर मी लॅबच्या दारात पाय ठेवला आणि सरांनी नमस्कारसुद्धा घेतला नाही. डबा पुढे केला. "आधी बांगड्या काढा."

बरोबरच होतं त्यांचं. काचेवर काच घासली की ओरखडा हा येणारच, त्यात माझं दुमत नव्हतं, आजही नाही. मी रोज दारात उभी राहून साबण लावून, हाताची सालटं काढत चुडा उतरवायची, डब्यात ठेवायची, आणि संध्याकाळी तसाच ओढून चढवून घरी जायची. त्या काढघालीत बांगड्याही भराभर वाढायच्या. सासूबाईंना वाटायचं, सुनेचे हात दांडगे आहेत. लॅबमधले शिपाई महादेवभाऊ तेवढे हळहळायचे. "ताई, रक्त निघून राहिलं ना तुमचं," म्हणून खोबरेल आणून द्यायचे.

एवढं करूनही कांड्या तुटायला लागल्या. तुटणारच होत्या, तोडायच्याच होत्या, पण फार लवकर तुटायला लागल्या. मधे मोडायला हव्यात त्या एका टोकाजवळ, जिथे जाड भाग संपून बारीक सुरू होतो तिथे, मानेशी मोडायच्या. किती वजनाला तुटली त्याचे आकडे सगळे खाली. कॉलेजमध्ये पहिल्या वर्षाची पोरंसुद्धा याहून चांगले आकडे आणतील असे. मी कांडी ओढायची, तारेच्या जाळीत टांगायची. आता प्रबंधाचे आकडे घ्यायचे होते, म्हणून सर स्वतः येऊन एकेक उचलून, जाड टोक पार मानेपर्यंत मुठीत धरून, बंदूक रोखल्यासारखी उजेडाकडे धरून सरळ आहे का बघायचे. मग आम्ही वजन लावायचो. आणि कट्कन. पुन्हा मानेशी.

"तुमची बांगडी लागते," सर म्हणाले. "टांगताना हात वर जातो, बांगडी मनगटावरून घसरते आणि नेमकी मानेला लागते."

"सर, बांगड्या तर डब्यात आहेत."

"आत्ता आहेत. मी नसताना?"

मी सांगितलं, शपथ घेतली. महादेवभाऊंनी सांगितलं. पण सरांच्या डोक्यात एकदा बसलं ते बसलं. ते दाराआडून पाहायला लागले. मी घरी गेल्यावर जाळीखालची फरशी हाताने चाचपून हिरवे कण शोधायचे. एकदा खरंच एक कण सापडला, दारातला असेल, चपलेला लागून आला असेल. तो त्यांनी कागदाच्या पुडीत घालून माझ्यापुढे ठेवला. "खोटं बोलून राहिल्या तुम्ही," म्हणाले. माझ्या वडिलांनी मला आयुष्यात कधी खोटारडी म्हटलं नव्हतं. मी संडासात जाऊन रडले, आणि बाहेर येऊन पुन्हा बर्नर पेटवला. करणार काय? प्रबंध त्यांच्या सहीशिवाय हलणार नव्हता.

त्याच उन्हाळ्यात ह्यांना कावीळ झाली. खापरखेड्याहून घरी आणलं. डोळे हळदीसारखे, अन्नाचा वास नको. मी चार दिवस लॅबला गेले नाही.

आणि रविवारी भर दुपारी, कुत्रंसुद्धा बाहेर पडत नाही अशा उन्हात, सर सायकलवरून आमच्या दारात! मला वाटलं, विचारपूस करायला आले. केवढा मोठा माणूस आपल्या दारी आला, बाई, असं मला झालं. सासूबाईंची धांदल उडाली. पाहुण्यांसाठी ठेवलेला नक्षीचा काचेचा ग्लास काढून त्यांनी पन्हं दिलं. सर बसले, रुमालाने मान पुसली, आतल्या खोलीतल्या आजारी माणसाबद्दल एक शब्द विचारला नाही, आणि थेट सासूबाईंकडे वळले.

"तुमची सून बांगड्या कधी काढते आणि कधी घालते, मला नीट सांगा."

सासूबाईंना काही समजेना. "काय म्हणता सायेब? काहून काढल ते?"

"लॅबमध्ये येताना काढते असं ती म्हणते. रोज दारात काढून डब्यात ठेवते म्हणते, संध्याकाळपर्यंत हात मोकळे. माझा विश्वास नाही. तुम्ही घरी पाहत असाल ना, संध्याकाळी बांगड्या तेवढ्याच असतात का?"

मी तिथे दारातच उभी होते. सासूबाईंचा चेहरा कसा होत गेला ते मी पाहत होते. आत खाटेवर ह्यांनी कूस बदललेली ऐकू आली.

"रोज?" सासूबाई एवढंच म्हणाल्या. "माहा लेक खाटेवर पडला, आन् हे रोज दिवसभर भुंडे हात घेऊन हिंडून राहिली?"

"म्हणजे काढते तर," सर म्हणाले. त्यांचा आवाज पडला. ते खोटं पकडायला आले होते आणि खरं निघालं होतं. आता काय करावं ते त्यांना सुचेना, म्हणून त्यांनी सवयीने पन्ह्याचा ग्लास उचलला, उजव्या मुठीत धरला, खिडकीकडे केला आणि फिरवला.

कर्र.

बारीकसा आवाज, पण तो मी झोपेतही ओळखला असता. काचेवर काचेहून कठीण काहीतरी ओढल्याचा आवाज. सरांनी ग्लास खाली ठेवला, हात मांडीवर उताणा पडला, आणि मला ते वळं तळहाताच्या बाजूने दिसलं. आत वळवलेला खडा. निळा. नीलम! साडेसातीवाले घालतात तो. वरून पाहणाऱ्याला साधं वळं दिसावं, फिजिक्सच्या माणसाने शनीचा खडा घातलाय हे कळू नये, म्हणून खडा आत, मुठीत लपवलेला. आणि त्या मुठीत ते माझी प्रत्येक कांडी धरत होते.

कॅन्टीनवाला बरोबर बोलत होता. त्यांनी पाहिलं म्हणूनच ते ग्लास फुटत होते.

मी तो ग्लास उचलून आत नेला. सासूबाई पदर तोंडाला लावून रडत होत्या, "माह्या लेकराले कावीळ काहून झाली ते आता समजलं," म्हणत होत्या, आणि सर चपला घालत होते. जाताना मला म्हणाले, "सोमवारी या." जसं काही झालंच नाही.

सोमवारी मी गेले नाही, त्याच्या पुढच्याही नाही. ह्यांची कावीळ उतरली, पण घरात ती माझ्यामुळेच आली होती हे पक्कं झालं. हे चांगले आहेत हो, कधी हात उगारला नाही की शिवी दिली नाही. भिंतीकडे तोंड करून फक्त म्हणाले, "सोडून दे ना. आई ऐकणार नाही. काय अडलं आहे डॉक्टर होऊन?" माझं काय अडलं होतं ते त्यांना माहीत होतं. तरी म्हणाले. ते मी त्यांना अजून माफ केलेलं नाही, आणि आता करणारही नाही.

एकदाच गेले मी लॅबमध्ये, तो नक्षीचा ग्लास पदराखाली घेऊन. सरांच्या टेबलावर ठेवला, खिडकीकडे वळवला. ग्लासाभोवती तिरपी, केसासारखी रेघ होती. "सर, त्या दिवशी माझ्या हातात नव्हता हा ग्लास," मी म्हटलं. "तुमच्या होता."

सरांनी रेघ पाहिली. काच त्यांना कळत होती, तिथे ते खोटं बोलू शकले नाहीत. मग हात टेबलाखाली घेतला.

"आईने घातलीय," म्हणाले. "आईचा जीव आहे त्यात. हे बाहेर कुठे बोलू नका."

बाहेर बोलू नका! माझ्या बांगड्यांचं भर दुपारी माझ्या सासरी येऊन बोलले होते, आणि त्यांच्या अंगठीचं बाहेर बोलायचं नाही. मी विचारलं, "मग माझ्या कामाचं काय?" तर म्हणाले, "नवे आकडे घ्यावे लागतील. तुम्ही रोज येऊ शकाल का?" मी येऊ शकणार नाही हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. त्यांनीच ती व्यवस्था केली होती.

पावसाळा संपता संपता महादेवभाऊ प्रताप नगरात आले, माझा चुडा पुडीत बांधून घेऊन. "तुम्ही ग्लास घेऊन आल्या होत्या ना, तेव्हाचा डब्यात राहिला होता ताई." मग घुटमळले. "आता सर अंगठी काढून त्याच डब्यात टाकतात. कांड्या आता नाही मोडून राहिल्या लवकर. लय खूश आहेत सर." मी त्यांना चहा दिला. पुडी सोडली नाही, तशीच ट्रंकेत टाकली. त्यानंतर मी काचेची बांगडी हातात घातली नाही. सासूबाई रडल्या, ओरडल्या, अबोला धरला. मी म्हटलं, तुमच्यासाठी डॉक्टरकी सोडली, आता बांगड्याही सोडल्या, हिशेब संपला.

पुढे बी.एड. केलं, ज्युनिअर कॉलेजात लागले. तिथल्या वाचनालयात नाही, पण एकदा जुन्या कॉलेजात पेपर तपासायला गेले तेव्हा सरांचा तो गाजलेला लेख पाहिला. परदेशात छापून आलेला. आकडे सुंदर होते, डोळे निवावेत असे. माझ्या पद्धतीने ओढलेल्या कांड्या, माझ्या जाळीत टांगलेल्या. माझं नाव कुठे आहे म्हणून शोधलं. नव्हतं. खाली बारीक टाइपात एक ओळ होती: सुरुवातीचे नमुने साहाय्यक महिलेच्या काचेच्या बांगड्यांमुळे ओरखडल्याने बाद केले. विज्ञानात माझी एवढीच नोंद. इतका काचेला जपणारा माणूस, आणि माणसावर असा ओरखडा काढून मोकळा झाला. मी लेख मिटून ठेवला आणि उरलेले पेपर तपासले.

सर निवृत्त झाले तेव्हा जुन्या विद्यार्थ्यांनी सत्कार ठेवला. मी जाणार नव्हते. मग म्हटलं, काहून जाऊ नये? भ्यायचं मी का म्हणून? गेले.

हॉल भरलेला. सर वाळले होते, आई जाऊन वर्षं झाली होती. शाल, श्रीफळ, भाषणं. मी दिसताच त्यांनी माइकवरूनच हाक मारली. "या, या बाई! वर या." मी स्टेजवर गेले तसे लोकांना म्हणाले, "या आमच्या पहिल्या विद्यार्थिनी. यांच्या बांगड्यांनी माझं एक अख्खं वर्ष खाल्लं!" हॉल खो खो हसला. सरही हसले. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःला हे इतक्यांदा सांगितलं असणार, की आता त्यांना ते खरंच वाटत होतं. ते मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं, आणि ते खोटेपणाहून वाईट होतं.

मग पोरांनी गिल्ला केला, सर, एकदा करून दाखवा. नव्या विभागप्रमुखांनी स्टेजवरच बर्नर पेटवून कांडी ओढली. छान ओढली होती. सरांनी तिचं एक जाड टोक मानेपर्यंत उजव्या मुठीत घेतलं, बंदुकीसारखी दिव्याकडे रोखली, फिरवली. माइक जवळच होता. कर्र. हॉलमध्ये कोणाला काही कळलं नाही. मला कळलं. आई गेली तरी अंगठी गेली नव्हती, आणि खडा आतच होता.

"धरा बाई, जुन्या सवयीने," म्हणून त्यांनी दुसरं टोक माझ्याकडे दिलं. मी दोन बोटांनी धरलं. सरांनी सभेकडे पाहून सांगायला सुरुवात केली, ही अस्पर्श काच आहे, ही धनुष्यासारखी वाकेल. आणि वाकवायला लागले, ती जेमतेम वाकली तोच कट्कन मोडली. त्यांच्या बाजूला, मानेशी.

सरांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. तोंडातून आपसूक निघालं, त्याच आवाजात, लॅबच्या दारातल्या:

"आधी बांगड्या काढा म्हटलं होतं ना!"

मी हातातलं टोक टेबलावर ठेवलं, पदर मागे सारला आणि दोन्ही हात कोपरापर्यंत उघडे करून वर धरले. मनगटांवर काही नव्हतं. तसेच धरून ठेवले, त्यांनी वळून पाहीपर्यंत.

त्यांनी पाहिलं. माझ्या एका हाताकडे, मग दुसऱ्या. लोकांना वाटलं बाई सभेला अभिवादन करून राहिल्या आहेत, आणि टाळ्या सुरू झाल्या. स्टेजवरचे सगळे उभे राहून वाजवायला लागले. सरांनी वाजवल्या नाहीत. त्यांचा उजवा हात खिशात गेला होता.